पाच पौंडांचीही मालमत्ता नाही: एका अपिलाची आणि माफ झालेल्या खर्चाची कथा

१९३१ सालच्या आरंभी ग्लासगोमधील एका दुकानात काम करणाऱ्या स्त्रीच्या नावाने लंडनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सपुढे एक प्रतिज्ञापत्र सादर झाले. त्यातील मजकुराचा आशय असा होता: आपण अत्यंत गरीब आहोत, अंगावरची वस्त्रे आणि ज्या दाव्यासाठी हे अपील करावयाचे आहे तो दावा, एवढे वगळले तर साऱ्या जगात आपल्यापाशी पाच पौंड किमतीचेही काही नाही. तिच्या चर्चचे धर्मोपदेशक आणि दोन ज्येष्ठ पदाधिकारी यांनी या कथनाला पुष्टी दिली होती.

त्या स्त्रीचे नाव मे डोनोह्यू. कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात बसलेल्या कोणालाही हे नाव ठाऊक असते, पण ते गोगलगाईमुळे. ‘डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हनसन’ हा खटला लंडनपर्यंत पोहोचला तो या प्रतिज्ञापत्राच्या आधारावर, ही गोष्ट मात्र पाठ्यपुस्तकांत बहुधा एका ओळीत उरकली जाते.

२६ ऑगस्ट १९२८, रविवार. मे त्या वेळी तीस वर्षांची होती. लग्न लहान वयात झालेले, चार अपत्यांपैकी एकच मुलगा जगलेला, पतीपासून विभक्त होऊन ती भावाच्या घरी राहू लागली होती. त्या संध्याकाळी ती ग्लासगोहून जवळच्या पेझली गावी गेली आणि एका मैत्रिणीबरोबर वेलमेडो कॅफेमध्ये बसली. आइस्क्रीम आणि त्यावर ओतण्यासाठी जिंजर बीअर, म्हणजे आल्याच्या स्वादाचे फसफसते पेय, मैत्रिणीने मागवले. पैसेही मैत्रिणीनेच दिले. हा तपशील किरकोळ वाटतो. पुढची चार वर्षे सगळा वाद त्याच्याभोवती फिरला.

बाटली गडद तपकिरी काचेची होती, आतले काही दिसत नव्हते. अर्धी बाटली ओतून झाली, मेने आइस्क्रीम खाल्ले. मैत्रिणीने उरलेले पेय ओतले तेव्हा बाटलीतून कुजलेल्या गोगलगाईचे अवशेष बाहेर आले, असे मेचे म्हणणे होते. तिला पोटदुखी सुरू झाली, तीन दिवसांनी ती डॉक्टरांकडे गेली आणि सप्टेंबरच्या मध्यास ग्लासगो रॉयल इन्फर्मरीत तिच्यावर तातडीचे उपचार करावे लागले.

आता दावा कोणावर करायचा? कॅफेचा मालक मिंगेला याने सीलबंद बाटली जशीच्या तशी विकली होती, आणि त्याचा व्यवहार मैत्रिणीशी झाला होता, मेशी नव्हे. पेझलीचाच पेयनिर्माता डेव्हिड स्टीव्हनसन याच्याशी तर मेचा कोणताही करार नव्हता. त्या काळच्या सर्वमान्य समजुतीप्रमाणे माल बनवणाऱ्याची जबाबदारी, काही थोडे अपवाद सोडले तर, करारापुरती होती. करार नाही तर कर्तव्य नाही.

तिचे वकील वॉल्टर लीचमन यांना ही अडचण नवी नव्हती. अशाच एका खटल्यात, ‘मलन विरुद्ध ए. जी. बार’मध्ये, ते नुकतेच हरले होते. तिथे बाटलीत गोगलगाईऐवजी मेलेला उंदीर होता. कोर्ट ऑफ सेशन या स्कॉटलंडच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २० मार्च १९२९ रोजी तो दावा फेटाळला. आणि ९ एप्रिलला, म्हणजे तीन आठवडेही उलटले नव्हते तेव्हा, लीचमन यांनी मे डोनोह्यूचा ५०० पौंडांचा दावा दाखल केला. याला हट्ट म्हणावे की दूरदृष्टी, हा प्रश्न खुला आहे. एवढे खरे की हा लढा एका वकिलाने जाणूनबुजून वरच्या न्यायालयापर्यंत न्यायचे ठरवले होते आणि त्याची पक्षकार कफल्लक होती.

दिवाणी खटल्यात गरीब माणसाला दोन भीती असतात. पहिली उघड आहे: दावा चालवायला पैसा लागतो. दुसरी अधिक जीवघेणी. ब्रिटिश न्यायपद्धतीत हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचाही खर्च भरावा, असा सर्वसाधारण नियम होता आणि आहे. न्याय मागायला गेलेला माणूस न्याय न मिळता कर्ज घेऊन परत येऊ शकतो.

मेला याची झळ लवकरच बसली. मूळ दाव्यानंतर मिंगेला यालाही प्रतिवादी करण्यात आले, आणि त्याच्याविरुद्ध काही टिकणार नाही हे लक्षात येताच नोव्हेंबर १९२९ मध्ये तो भाग सोडून देण्यात आला. या माघारीपोटी दोन्ही प्रतिवादींचा मिळून १०८ पौंड ६ शिलिंग ३ पेन्स एवढा खर्च तिच्यावर बसला. पाच पौंडांची मालमत्ता नसलेल्या स्त्रीवर! मुख्य प्रश्नाला अजून हातही लागला नव्हता.

२७ जून १९३० रोजी लॉर्ड मॉनक्रिफ यांनी तिच्या बाजूने निर्णय दिला: तिने सांगितलेली हकिगत खरी ठरली तर कायद्यात तिला दाद आहे, म्हणून पुरावा घ्यावा. स्टीव्हनसन यांनी वरच्या पीठाकडे धाव घेतली. तिथे बसले होते उंदराचा खटला ऐकणारेच चार न्यायाधीश. १३ नोव्हेंबर १९३० रोजी तीन विरुद्ध एक अशा मताने तिचा दावा फेटाळला गेला. विरोधी मत देणारे लॉर्ड हंटर दोन्ही वेळा एकटेच राहिले. उंदीर आणि गोगलगाय यांत कायद्याच्या दृष्टीने फरक नाही, एवढेच बहुमताचे म्हणणे होते. त्यांच्या चौकटीत ते चुकलेही नव्हते.

उरला एकच दरवाजा, लंडनचा. पण हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये अपील करणे म्हणजे श्रीमंतांचा खेळ. सभागृहाचे शुल्क, कागदपत्रांची छपाई, एडिंबरोहून लंडनला जाणाऱ्या वकिलांचा खर्च, आणि या सर्वांवर कडी म्हणजे तारण: अपील फसले तर प्रतिपक्षाचा खर्च भरून निघेल अशी हमी आधीच द्यावी लागे. मेला ती देणे अशक्य होते. म्हणून मूळ अपिलासोबतच ‘इन फॉर्मा पॉपरिस’, म्हणजे निर्धनाच्या नात्याने दाद मागण्याची परवानगी, असा दुसरा अर्ज करावा लागला.

हा लॅटिन शब्दप्रयोग कुठून आला हे पाहण्यासाठी पाच शतके मागे जावे लागते, आणि गंमत म्हणजे सुरुवात स्कॉटलंडमध्येच होते. १४२४ साली स्कॉटलंडच्या संसदेने असा कायदा केला की जो गरीब जीव अज्ञानामुळे किंवा पैशाअभावी आपली बाजू मांडू शकत नाही, त्याला न्यायाधीशाने एक शहाणा आणि प्रामाणिक वकील मिळवून द्यावा. त्याआधीच्या जगात गरिबांना मदत मिळत नसे असे नाही. चर्चच्या न्यायालयांत ती प्रथा होती. पण राज्याने कायदा करून हे कर्तव्य न्यायाधीशावर टाकले, त्याचे हे फार जुने उदाहरण आहे.

इंग्लंडमध्ये असा कायदा १४९५ साली आला, सातव्या हेन्रीच्या कारकिर्दीत. गरीब वादीला न्यायालयाचे हुकूम फुकट मिळावेत आणि वकीलही विनामोबदला नेमून द्यावा, अशी त्यात तरतूद होती. पुढे आठव्या हेन्रीच्या काळात, १५३१ मध्ये, दुसऱ्या भीतीवरही उपाय झाला: निर्धन वादी हरला तरी त्याच्याकडून प्रतिवादीचा खर्च घेऊ नये. मात्र त्याच वाक्याला एक शेपूट जोडलेले होते. खर्चाऐवजी त्याला न्यायाधीशाच्या मर्जीप्रमाणे ‘अन्य शिक्षा’ व्हावी!

ही अन्य शिक्षा म्हणजे काय? १७६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या भाष्याच्या तिसऱ्या खंडात विल्यम ब्लॅकस्टोन यांनी नोंदवले आहे की पूर्वी हरलेल्या निर्धन वादीला निवड करायला सांगत: खर्च भर किंवा फटके खा. ही चाल आता बंद पडली आहे, असेही ते लगेच सांगतात. गरिबाला मिळणाऱ्या सवलतीकडे सत्ता किती संशयाने पाहत होती, याचा याहून बोलका पुरावा शोधावा लागणार नाही. फुकट न्याय मागणारा माणूस खोटाच असणार, असे गृहीत धरूनच ही दयाळू व्यवस्था उभी होती.

ब्लॅकस्टोन यांच्याच परिच्छेदात आणखी एक आकडा सापडतो. निर्धन कोण? जो आपल्यापाशी पाच पौंडही नाहीत अशी शपथ घेईल तो. १७६८ मध्ये पाच पौंड, आणि १९३१ मध्ये मे डोनोह्यूच्या प्रतिज्ञापत्रातही पाच पौंडच. मधल्या काळात वाफेचे इंजिन सर्वत्र पसरले, साम्राज्य उभे राहिले, पैशाची किंमत घसरत गेली, पण गरिबीची ही रेषा जागची हलली नाही. आकडा जसा जुना होत गेला तशी सवलत मिळवण्यासाठी अधिकाधिक गरीब असणे आवश्यक झाले.

आकड्यावरच थांबायचे नव्हते. १८९३ मध्ये निर्धनांच्या अपिलांबाबत एक छोटा कायदा झाला. त्यानुसार हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या समितीने आधी पाहावे की अपिलात सकृद्दर्शनी काही तथ्य आहे का. नसेल तर परवानगी नाकारावी. ज्याच्यापाशी पैसा होता त्याला कितीही पोकळ अपील घेऊन लंडनला जाता येत होते. निर्धनाला मात्र सुनावणीआधीच एक लहानशी परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागे. १७ मार्च १९३१ रोजी मे डोनोह्यू ती उत्तीर्ण झाली. खालच्या न्यायालयातील विरोधी मत आणि लॉर्ड मॉनक्रिफ यांचे निकालपत्र तिच्या पाठीशी होते, हे येथे विसरून चालणार नाही.

महाराष्ट्रातील वाचकाला या प्रतिज्ञापत्रातील एक वाक्य कदाचित ओळखीचे वाटेल. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश ३३ मध्ये निर्धन वादीची व्याख्या दिली आहे, आणि तिथेही मूळ रूपात आवश्यक अंगवस्त्रे व दाव्याचा विषय वगळूनच मालमत्ता मोजायची होती. इंग्रजी न्यायालयांतील तीच शपथ समुद्र ओलांडून पुणे, नागपूर, रत्नागिरीच्या कोर्टांत पोहोचली. जिथे कोर्ट फी ठरलेली नाही अशा दाव्यात मर्यादा होती १०० रुपये. १९७६ च्या दुरुस्तीने ती १००० रुपये झाली. त्याच दुरुस्तीने ‘पॉपर’ हा शब्द कायद्यातून काढून त्याऐवजी ‘इंडिजंट’, म्हणजे निर्धन व्यक्ती, हा सौम्य शब्द घातला. जुन्या वकिलांच्या तोंडी मात्र ‘पॉपर दावा’ अजून ऐकू येतो.

अपिलासाठी याच संहितेत स्वतंत्र आदेश आहे, चव्वेचाळिसावा. त्याच्या मूळ रूपात १८९३ च्या इंग्रजी कायद्याचीच सावली दिसते: खालचा निवाडा कायद्याविरुद्ध किंवा अन्यथा चुकीचा वा अन्याय्य आहे असे वाटण्यास कारण दिसले नाही, तर निर्धनाचा अर्ज फेटाळावा. १९७६ नंतरच्या नियमात ही अट राहिली नाही. शिवाय खालच्या न्यायालयात निर्धन म्हणून मान्य झालेल्या व्यक्तीने आपली स्थिती बदललेली नाही असे प्रतिज्ञापत्र दिले, तर नव्याने चौकशीची गरज नाही, अशी सोय झाली. सरकारी वकिलाने किंवा प्रतिपक्षाने हरकत घेतली तर गोष्ट वेगळी.

भारतातील माफीचे स्वरूप मात्र थोडे निराळे आहे. येथे कोर्ट फी कायमची सोडून दिली जात नाही, ती पुढे ढकलली जाते. निर्धन वादी जिंकला तर मिळालेल्या मालमत्तेवर सरकारच्या फीचा पहिला बोजा. हरला तर फी भरण्याचा हुकूम त्याच्यावरच. या फीचा इतिहास कंपनी सरकारपर्यंत जातो. कॉर्नवॉलिसने १७९३ मध्ये बंगालमधील कोर्ट फी रद्द केली होती आणि दोनच वर्षांनी, १७९५ मध्ये, खोटेनाटे दावे रोखण्याच्या नावाखाली ती परत आली. मेकॉलेसारख्या माणसानेही या युक्तिवादाची पुढे कठोर टीका केली. त्याच्या टीकेनंतरही फी राहिलीच. स्वातंत्र्यानंतर १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९अ आणला, १९८७ मध्ये विधी सेवा प्राधिकरणांचा कायदा झाला, आणि महाराष्ट्र शासनाने १९९४ मध्ये पोटगी, मालमत्ता, घटस्फोट, हिंसाचार अशा बाबींत स्त्रियांना कोर्ट फी माफ केली. मे डोनोह्यू महाराष्ट्रात असती तरी शेवटची सवलत तिला लागू झाली नसती. तिचा वाद पेयाच्या बाटलीचा होता.

पुन्हा लंडनकडे. फी माफ झाली तरी वकील जेवतात, हे कोणत्याही देशात खरेच. लीचमन, त्यांनी नेमलेले ज्येष्ठ वकील जॉर्ज मॉर्टन आणि तरुण विल्यम मिलिगन या तिघांनी मोबदला न घेता काम करण्याचे मान्य केले. समोर स्टीव्हनसन यांच्या वतीने उभे होते विल्फ्रिड नॉर्मंड, स्कॉटलंडचे सॉलिसिटर जनरल. १० आणि ११ डिसेंबर १९३१ असे दोन दिवस युक्तिवाद झाले. पाच विधिज्ञ लॉर्ड ऐकत होते: बकमास्टर, ॲटकिन, टॉमलिन, थँकर्टन आणि मॅकमिलन.

निकालाला पाच महिन्यांहून अधिक काळ लागला. २६ मे १९३२ रोजी तो वाचला गेला तेव्हा फरक फक्त एका मताचा होता. बकमास्टर आणि टॉमलिन विरोधात. असे कर्तव्य मान्य केले तर प्रत्येक वस्तूच्या प्रत्येक उत्पादकावर दाव्यांचा पूर येईल, ही त्यांची भीती. ॲटकिन, थँकर्टन आणि मॅकमिलन मेच्या बाजूने.

लॉर्ड ॲटकिन यांनी बायबलमधील शेजाऱ्यावर प्रेम करण्याच्या आज्ञेला कायद्याची मर्यादित भाषा दिली. माझ्या कृतीची झळ ज्यांना थेट बसू शकते, इतकी की कृती करताना मी त्यांचा विचार करायलाच हवा, ते सारे कायद्याच्या दृष्टीने माझे शेजारी आणि त्यांच्याबाबत वाजवी काळजी घेणे हे माझे कर्तव्य. बाटली भरणाऱ्याचा शेजारी कोण? बाटली फोडणारा शेवटचा माणूस. मधे कोणी तपासणी करू शकत नसेल तर करार असो वा नसो. आधुनिक निष्काळजीपणाच्या कायद्याचा पाया येथे घातला गेला. भारतातील न्यायालयेही अपघात, औषधोपचार, सदोष वस्तू यांबाबतच्या निकालांत या तत्त्वाचा आधार घेत आली.

१७ मार्च १९३१ चा तो परवानगीचा हुकूम झाला नसता तर? ॲटकिन यांनी हे तत्त्व कधीतरी दुसऱ्या खटल्यात मांडले असते, असे म्हणता येईल. कदाचित. पण ज्यांच्यापाशी पैसा होता ते पेयाच्या बाटलीसाठी लंडनपर्यंत भांडत नव्हते, आणि उंदराच्या खटल्यातील पक्षकार एडिंबरोलाच थांबले होते. प्रश्न तोच, न्यायाधीश तेच. फरक होता तो अपील करता आले की नाही याचा.

विजय मिळाला तो मात्र कायद्याच्या मुद्द्यापुरता. गोगलगाय खरोखर होती का, हे अजून सिद्ध व्हायचे होते आणि त्यासाठी खटला स्कॉटलंडला परत गेला. पुरावा घेण्याआधीच, १२ नोव्हेंबर १९३२ रोजी, डेव्हिड स्टीव्हनसन मरण पावले. पुढे त्यांच्या वारसांनी तडजोड केली; ५०० पौंडांच्या दाव्याचे २०० पौंड मिळाले. त्यामुळे जगातील बहुधा सर्वांत प्रसिद्ध गोगलगाय कोणत्याही न्यायालयात कधीच सिद्ध झाली नाही. ‘सुनावणीत गोगलगाय नव्हतीच असे निघाले’ ही दंतकथा इंग्लंडमधील एका न्यायाधीशाच्याही तोंडी होती. तीही चूक, कारण तशी सुनावणीच झाली नाही.

निर्धनतेच्या शपथेची ती पद्धतही फार काळ टिकली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ मध्ये, इंग्लंड आणि स्कॉटलंड या दोन्हीकडे सरकारी खर्चाने कायदेशीर साहाय्य देणारे कायदे झाले आणि वकिलांच्या धर्मादायावरची मदार कमी झाली. मिलिगन पुढे स्कॉटलंडचे लॉर्ड ॲडव्होकेट आणि मग न्यायाधीश झाले. नॉर्मंड स्वतः हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये विधिज्ञ लॉर्ड म्हणून बसले.

मे डोनोह्यू ग्लासगोतच राहिली. १९ मार्च १९५८ रोजी, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, शहराबाहेरील गार्टलॉक येथील मनोरुग्णालयात हृदयविकाराच्या झटक्याने तिचे निधन झाले. मृत्यूच्या दाखल्यावर नाव होते मेबल हॅना.